मदत घेणाऱ्यांचे चेहरे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्यापासून आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर वह्यावाटपाचे फोटो जवळजवळ रोज येत आहेत. मधोमध पाहुणे, बाजूला कार्यकर्ते आणि पुढे ओळीने उभी केलेली मुले. मुलांना वह्या मिळतात याचा आनंदच आहे. माझी तक्रार फोटोपुरती आहे. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, मी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम करतो आणि तिथल्या अनुभवावरूनच हे लिहीत आहे.

एसव्हीपी या नावाने वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजात ही संस्था घरोघर माहीत आहे; इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. ही मुले एका चर्चामंडळात धर्माची बाजू मांडत असत. तिथे त्यांना विचारले गेले की, तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? आदल्याच वर्षी कॉलऱ्याने त्या शहरात हजारो माणसे दगावली होती. प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे ते गेले. सिस्टरांनी त्यांना गरजू कुटुंबांचे पत्ते दिले, पाव आणि कोळशासाठी चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाच्या घरी कसे वागायचे तेही शिकवले. पुढे ओझानाम सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण हे काम त्यांनी सोडले नाही. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्येच त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. संस्था आज जगभर पसरली आहे आणि चालवणारी सगळी तुमच्या-आमच्यासारखी प्रापंचिक माणसे आहेत.

त्या मुलांनी घातलेला पायंडा आजही तसाच आहे. मदत मागायला कुणाला रांगेत उभे करायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे, आणि जाताना दोघांनी जायचे. नालासोपाऱ्याच्या चाळीतली एखादी दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणा. आम्ही चटईवर बसतो. चहा आला तर नाही म्हणत नाही. पहिली काही मिनिटे मुलांचा अभ्यास, गावाकडची खबरबात, अशाच गप्पा होतात. मग आजीच्या बीपीच्या गोळ्या संपून किती दिवस झाले, विजेचे बिल थकले आहे का, पावसाआधी पत्र्यावर ताडपत्री पडली का, हे हळूहळू बाहेर येते. कुटुंब ख्रिस्ती आहे की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. औषधांचे पैसे आम्ही शक्यतो थेट मेडिकलवाल्याला देतो, फी शाळेत भरतो. शेजारच्या खोलीला वाटावे, पाहुणे येऊन गेले.

मग आमच्या एसव्हीपीच्या सभेत कुटुंबाची अडचण मांडली जाते, पण ती सभेबाहेर न्यायची नाही, हा दंडक आहे. सभेच्या शेवटी थैली फिरते. कुणी किती टाकले ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. देणाऱ्याचे नाव झाकले जाते तसेच घेणाऱ्याचेही झाकले जाते, आणि मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

देणगीदारांना पुरावा लागतो, असे काही संस्था सांगतात. पुरावा जरूर मागावा. आमचा खजिनदारही सभेत पै-पैचा हिशेब वाचतो. पण फीची पावती, औषधाचे बिल, वह्यांच्या दुकानाचे बिल, यात सगळे येते. मुलाचा चेहरा त्या हिशेबात कुठे बसतो? आमच्या ओळखीच्या एका मुलीने वाटपात मिळालेल्या प्रत्येक वहीला पहिल्याच संध्याकाळी खाकी कागदाचे कव्हर घातले. वह्यांच्या मुखपृष्ठावर देणाऱ्यांचा फोटो होता आणि वर्गात तो दिसू नये एवढीच तिची इच्छा होती. तिचा स्वतःचा फोटो मात्र तोपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचला होता. त्याला ती कोणते कव्हर घालणार?

म्हणून आपल्याला विनंती आहे. मदतकार्याच्या बातम्या जरूर छापा, त्याने इतरांना हुरूप येतो. पण फोटो छापायचाच तर कामाचा छापा : वह्यांचे गठ्ठे बांधणारे हात, रेशन भरणारे तरुण, रक्तदानाची रांग. मदत घेणाऱ्याचा चेहरा, विशेषतः लहान मुलांचा, छापणार नाही असे धोरण आपण ठरवावे आणि फोटो पाठवणाऱ्या संस्थांना ते कळवावे. आपल्या पानावर जागा मिळणार नाही असे समजले की निम्मे फोटो काढलेच जाणार नाहीत, याची मला खात्री आहे.

जाता जाता तरुण वाचकांसाठी एक. संस्था सुरू झाली ती विशीतल्या मुलांच्या बळावर. आमच्या सभेत आज बहुतेक डोकी पिकलेली आहेत. चाळीचे चार जिने चढायला गुडघे कुरकुरतात. तुमच्या धर्मग्रामात एसव्हीपीची सभा कधी असते ते रविवारी मिस्सा झाल्यावर विचारून घ्या आणि एकदा आमच्याबरोबर चला.

आपला नम्र,
एक वाचक, वसई