पेलेटच्या पिशव्यांना नुसती कोरडी जागा पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर उबदार ठेवण्यासाठी लाकडी पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या जाळणारी, शेगडी घ्यावी की नाही, घेतल्यास ती किती क्षमतेची असावी आणि धुराड्याची सफाई कितीदा करावी, यावर पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. मात्र थंडीच्या आधी एकदम आणून ठेवलेल्या पिशव्या घरात कुठे आणि कशा ठेवाव्यात, हा प्रश्न ‘कोरड्या जागी ठेवा’ एवढ्या तीन शब्दांत उरकला जातो. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो अर्धवट आहे, आणि तो तंतोतंत पाळू पाहणारा माणूस ओल येऊ नये म्हणून खोलीची फटन्‌फट बुजवून टाकतो, म्हणजे एक संकट टाळताना दुसऱ्याला घरात घेतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी ओलाव्याविषयी. पेलेट म्हणजे लाकडाचा बारीक भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढून केलेल्या, सहसा 6 किंवा 8 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच भुसा धरून ठेवते. चांगल्या पेलेटमध्ये पाण्याचे प्रमाण 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसते. चार कांड्या पाण्याच्या पेल्यात टाकून पाहाव्यात: त्या आधी सरळ तळाला जातात, मग काही मिनिटांतच फुगतात, तडकतात, आणि शेवटी पेल्यात केवळ ओला भुसा उरतो. तो वाळवला तरी पुन्हा कांडी होत नाही आणि शेगडीत घातला तर इंधन पुढे सरकवणारा स्क्रू अडकतो. पिशवी प्लास्टिकची असल्यामुळे आत पाणी जाणार नाही हा समजही खरा नाही, कारण थप्पी रचताना आतली हवा निघून जावी म्हणून अनेक पिशव्यांना बारीक छिद्रे ठेवलेली असतात. त्यामुळे पिशव्या फरशीवर न टेकवता लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवाव्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. बाहेर ठेवल्यास वरून ताडपत्री टाकावी; पण ती जमिनीपर्यंत गुंडाळून बांधू नये, नाहीतर आत कोंडलेली वाफ रात्री पाणी होऊन पिशव्यांवरच ठिबकते.

खरा मुद्दा हवेचा आहे. साठवलेले पेलेट आपल्याला निर्जीव वाटतात, पण लाकडातील स्निग्धाम्लांची हवेतल्या ऑक्सिजनशी संथ प्रक्रिया चालूच असते. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो आणि बंद जागेतला ऑक्सिजनही कमी होत जातो. त्यासाठी आग लागावी लागत नाही. नुकतेच तयार झालेले पेलेट पहिल्या काही आठवड्यांत हा वायू अधिक सोडतात आणि जागा उबदार असेल तर त्याचा वेग वाढतो. ताज्या पेलेटला एक उग्र वास येतो, पण तो दुसऱ्या पदार्थांचा असतो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, रंग नाही, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही.

ही केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट नाही. 2002 साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात आणि 2006 साली स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट उतरवणाऱ्या जहाजांवर याच वायूने माणसे दगावली. हेल्सिंगबोर्गचा खलाशी तर प्रत्यक्ष मालाच्या कोठारात नव्हे, त्याला लागून असलेल्या जिन्यात सापडला. पुढे 2010 साली जर्मनीत आणि 2011 साली स्वित्झर्लंडमध्ये पेलेटच्या बंद कोठारांत शिरलेल्या व्यक्तींचे मृत्यू झाले. अर्थात हे सारे प्रकार अनेक टन सुट्या पेलेटचे होते. खेळत्या हवेच्या पडवीत ठेवलेल्या दहा-वीस पिशव्यांमुळे कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि उगाच भीती पसरवणे हा या पत्राचा हेतूही नाही. परंतु संपूर्ण हंगामाचा साठा, लहानसे तळघर, खिडकी नाही आणि दाराला ओल अडवणारी रबरी पट्टी, असा मेळ जमला तर प्रमाण लहान असले तरी प्रक्रिया तीच असते.

मग ओल टाळावी आणि हवाही खेळती ठेवावी, हे जमायचे कसे, असे कोणी विचारेल. छप्पर असलेली, पावसाची झड येणार नाही अशी, बाजूंनी अर्धवट उघडी जागा माझ्या मते सर्वांत उत्तम. तशी सोय नसेल तर साठ्याच्या खोलीला थेट बाहेर उघडणारा, जाळी आणि वरून पत्र्याची झाप असलेला झरोका असावा. घरातल्या बोळात उघडणारा झरोका म्हणजे तो वायू माणसांकडे वळवणे होय. आत जाण्यापूर्वी दार काही वेळ उघडे ठेवावे. तिथे असताना डोके दुखू लागले किंवा गरगरले तर पिशवी तिथेच टाकून बाहेर यावे. साठ्याच्या खोलीला कोणाची झोपण्याची खोली लागून असेल, तर त्या झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म बसवावा. शेगडीसाठी तो लागतोच, मग त्याच्या जोडीला आणखी एक बसवण्यात कंजुषी कशाला?

वजनाचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. पिशवी 15 किलोची असेल तर साधारण 65 ते 70 पिशव्यांची एक थप्पी म्हणजे सुमारे एक टन, आणि हा सगळा भार जेमतेम एक चौरस मीटर जागेवर येतो. राहत्या घराचा मजला सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला 150 ते 200 किलो चालता-फिरता भार धरून बांधलेला असतो. म्हणजे वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर उभी रचलेली थप्पी मजल्याच्या हिशेबाच्या पाचपट किंवा त्याहूनही जड ठरते. आडव्या पिशव्यांचे दोन-तीन थर झाले की मर्यादा आलीच. तेव्हा साठा तळमजल्यावरच बरा. थप्पीही छातीच्या वर नेऊ नये आणि विटांप्रमाणे सांधे मोडून रचावी, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर प्लास्टिक सरकते आणि अशा थप्पीवर चढण्याचा मोह मुलांना हमखास होतो. फाटक्या पिशवीतून जिन्यावर सांडलेल्या कांड्यांवरून पाय सटकतो, हेही लक्षात ठेवावे.

आगीबाबत थोडक्यात लिहितो, कारण लोक तिथे मुळात सावध असतात. शेगडीजवळ त्या दिवसापुरतीच पिशवी असावी आणि तीही उत्पादकाने पुस्तिकेत दिलेल्या अंतरापलीकडे. 15 किलोच्या पिशवीत साधारण 70 युनिट विजेइतकी उष्णता साठलेली असते, याची जाणीव असली म्हणजे पुरे. एका सवयीवर मात्र बोट ठेवायला हवे. रिकामी झालेली पेलेटची पिशवी हाताशी असते आणि शेगडीतली राख तिच्यातच भरून ती पिशवी साठ्याच्या शेजारी ठेवली जाते. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढावी, आणि ती बादली घराबाहेर, पेटणार नाही अशा जमिनीवर ठेवावी. पेट्रोल, रंग, थिनर यांचे डबे पेलेटच्या खोलीत नकोत, हे सांगायला नको.

हे सगळे प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतः शोधून काढावे ही अपेक्षा रास्त नाही. पेलेट तयार करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी पिशवीवर ‘कोरड्या जागी ठेवा’ याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘हवेशीर जागी ठेवा, बंद खोलीत विषारी वायू साठू शकतो’ असे गिऱ्हाइकाच्या भाषेत छापावे. पिशवी भरल्याची तारीखही छापावी, म्हणजे माल किती ताजा आहे हे कळेल आणि जुन्या पिशव्या आधी संपवता येतील. थप्पी घरपोच आणून देणाऱ्याने ती उतरवण्यापूर्वी जागा पाहून दोन प्रश्न विचारावेत: हवा कुठून येते आणि खाली जमीन आहे की मजला? हंगामाची खरेदी सुरू होण्याआधी आपल्या वृत्तपत्राने या विषयावर अग्निशमन क्षेत्रातील जाणकारांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक