नंदूस पत्र : सानिकाची नोकरी आणि आपला कॅल्ब

पुणे

प्रिय नंदू,

हे फोनवर बोलायला गेले असते तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहितेय. तब्येती बऱ्या आहेत. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची शुगर आटोक्यात. झालं.

आमच्या सानिकाला दिल्लीत एका न्यूज चॅनलमध्ये अँकरची नोकरी मिळतेय. पगाराचा आकडा ऐकून हे बराच वेळ गप्पच बसले. आणि पीएचडीची दोन प्रकरणं लिहायची राहिलीत. चॅनलला ती पुढच्या महिन्यातच हवी आहे. सासूबाईंनी पेढे सांगूनसुद्धा झाले, आणि मला रात्र रात्र झोप नाही. घरात कुणाला सांगून कळणार? रानडे इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर बसून त्या रशियावाल्या अमेरिकन वार्ताहरावरून, मार्विन कॅल्बवरून, भांडत चहा गार केले ते आपण दोघींनी.

मुलाखतीत रशियाबद्दल काय विचारलं म्हटलं, तर म्हणाली, काहीच नाही. मागे युक्रेनचा नकाशा लावला, कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, जोशात बोल. अगं, इतकी वर्षं ती पोरगी जुनी रशियन कागदपत्रं उलगडून वाचतेय. त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकायचं नव्हतं.

मला लगेच 1957 आठवलं. अमेरिकेतल्या सीबीएस नेटवर्कच्या एडवर्ड मरोनं कॅल्बला बोलावून घेतलं ते सोव्हिएत तरुणांवरचा त्याचा लेख वाचून. भेट अर्ध्या तासाची ठरली होती, चालली तीन तास. सत्तावीस वर्षांचा पोरगा बोलतोय आणि अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला वार्ताहर ऐकतोय. हे सानिकाला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "आई, तुझ्या कॅल्बनं तरी थिसिस कुठे पुरा केला?"

काय बोलणार? खरंच आहे. झार निकोलसच्या शिक्षणमंत्र्यावरचा, त्या उवारोव्हवरचा प्रबंध अर्धा टाकूनच तो सीबीएसमध्ये गेला. सुरुवातही कसली, तर रात्रपाळीत लोकल रेडिओच्या बातम्या लिहून देण्याची. पोरगी वकील व्हायला हवी होती. तुझ्यावर गेलीय, रशियन अक्षरं तूच गिरवून घेतलीस ना तिच्याकडून!

पण नंतर विचार करत राहिले. तो गेला, पण काय घेऊन गेला? 1956 चं अख्खं वर्ष तो मॉस्कोत अमेरिकन वकिलातीत भाषांतराचं काम करत होता. फेब्रुवारीत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं स्टालिनचे गुन्हे पक्षापुढे मांडले, आणि नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रणगाडे घुसले. मधल्या काळात थोडी मोकळीक होती, तेव्हा हा मॉस्कोत होता आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत होता. आणि हो, 4 जुलैची ती पार्टी! सोव्हिएत संरक्षणमंत्री मार्शल झुकॉव्हबरोबर हा व्होडकाच्या नावानं पाणी पीत राहिला आणि मार्शलसाहेब खूश होऊन ख्रुश्चेव्हला सांगतायत, रशियनासारखा पिणारा अमेरिकन एकदाचा सापडला. मग ख्रुश्चेव्हनं उंची विचारली, तर म्हणाला, तुमच्या त्या ताडमाड झार पीटर द ग्रेटपेक्षा सहा सेंटिमीटर कमी. तिथपासून ख्रुश्चेव्ह त्याला पीटर द ग्रेटच म्हणायचा. हे सांगताना तू टाचा उंच करून उभी राहायचीस आणि तरी माझ्या खांद्याला लागायचीस.

1960 ला सीबीएसनं त्याला मॉस्कोला पाठवलं आणि 1963 पर्यंत तिथे ठेवलं. मार्च 1961 पर्यंत तर प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे द्यावा लागे, आणि तो सेन्सॉर कधी डोळ्यांना दिसत नसे. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचे ते दिवस त्यानं मॉस्कोतूनच सांगितले. आज सानिकाला कोण मॉस्कोला पाठवणार आहे? तिची खुर्ची नोएडाच्या स्टुडिओत, रोज रात्री आठ खिडक्यांत आठ माणसं आणि मधे ही.

मला खरी भीती वाटते ती वेगळीच, नंदू. 3 नोव्हेंबर 1969. निक्सनचं व्हिएतनामवरचं भाषण संपतं, उत्तर व्हिएतनामच्या हो चि मिन्हनं पत्र पाठवून आपला प्रस्ताव साफ नाकारला असं तो देशाला सांगून गेलाय, आणि काही मिनिटांत कॅल्ब पडद्यावर म्हणतो की पत्राची भाषा तशी नाही, पुष्कळ मवाळ आहे. राष्ट्राध्यक्षाला असं खोडून काढायचं तर पत्र आधी वाचलेलं हवं, आणि कम्युनिस्टांची कागदी भाषा इतकी ओळखीची हवी की तिच्यातला नरमपणा लगेच डोळ्यांत भरावा. दहाच दिवसांनी उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यूनं नेटवर्कच्या भाष्यकारांवर तोफ डागली, त्यात नाव न घेता त्याचाही समाचार घेतला. त्याच सुमारास त्याचा फोन चोरून ऐकला जात होता, आणि पुढे निक्सनच्या शत्रूंच्या यादीतही तो होताच. तरी मागे हटला नाही. माझ्या मुलीवर अशी वेळ आली, समोरून कुणी धडधडीत खोटं बोललं, तर "थांबा, कागदात असं नाही" म्हणायची ताकद तिच्यात आत्ता येऊ लागलीय. त्या दोन प्रकरणांत ती पक्की होईल. रोज रात्री ओरडून बोलण्यात ती जाईल, याची मला धास्ती वाटते.

तू म्हणशील, विजू, तुला नोकऱ्यांचंच वावडं. कॅल्बच्या थोरल्या भावावरून, बर्नार्डवरून, आपण महिनाभर बोलत नव्हतो ते आठव. सरकारनं लिबियाबद्दल खोटं पसरवलं म्हणून 1986 ला त्यानं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं प्रवक्तेपद सोडलं. तुझं म्हणणं, पत्रकारानं सरकारचं मीठ खाल्लंच कशाला. मी अजूनही म्हणते, राजीनामा देऊन बाहेर पडला तो मोठाच माणूस. आणि बाहेर पडायला हातात आपलं काहीतरी लागतं. धाकट्यानं, आपल्या मार्विननं, 1987 ला टीव्ही सोडला तो हार्वर्डमध्ये पत्रकारिता आणि राजकारणाचं केंद्र उभं करायला. 2015 मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, पुतिन आणि युक्रेनवर पुस्तक लिहिलं. 2022 च्या युद्धाआधी सात वर्षं! नोकरी गेली तरी रशिया त्याच्याकडे राहिला. सानिकाकडे काय राहील?

ह्यांना हे पटत नाही. संधी दारात थांबत नाही म्हणतात, आणि कर्जाचे हप्ते मलाही दिसतात. नोकरी करू नकोस असं मी म्हणतच नाही. सहा महिने मागून घे, एवढंच. त्यांना खरंच हवी असेल तर थांबतील.

भाऊजी बायपासनंतर चालायला लागले ना? रंगकाम संपलं का? निखिलच्या लग्नाचं दिवाळीनंतर असेल तर मी नक्की येते, आधी असेल तर कळव.

माझं ती ऐकणार नाही, आई म्हणून बोलते असंच वाटतं तिला. तुझं ऐकेल. पंचवीस तारखेला तिनं होकार कळवायचाय, त्याच्या आत फोन कर, आणि रात्री नऊनंतर कर, दिवसा ती लायब्ररीत असते.

तुझी
विजू