नवागत स्थलांतरित कुटुंबांना भेटी देणाऱ्या स्वयंसेवकांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, परदेशात नव्याने आलेल्या स्थलांतरित कुटुंबाकडे जाण्यापूर्वी दुभाषी सोबत असल्याची खात्री करून घ्यावी. मुले नवी भाषा लवकर उचलतात, म्हणून घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीलाच आईच्या आजाराविषयी डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लावले जाते. हे सोयीचे वाटले तरी तिच्यावर नको ते ओझे पडते आणि औषधाचे प्रमाण चुकण्याचाही धोका राहतो. शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना जन्मतारीख विशेष लक्ष देऊन लिहावी, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट न राहता ८ मे होऊन बसते आणि पुढे ती दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे ठरते. लसीकरणाच्या नोंदींची मूळ प्रत कोणाकडेही सोडू नये, छायाप्रत द्यावी. व्हिसा किंवा आश्रय यांविषयी, उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे कितीही वाटले तरी, सल्ला देऊ नये. त्यासाठी या विषयाच्या वकिलाकडेच पाठवावे. कुटुंबाची छायाचित्रे समूहावर टाकू नयेत, कारण आश्रय मागणाऱ्यांचे नातेवाईक मायदेशी अजून असुरक्षित असू शकतात.