त्रोंसेच्या जंगलातल्या माणसांचे आभार

फ्रान्समधल्या शेर नदीच्या खोऱ्यातून, जुन्या बेरी कालव्याच्या काठाने, आम्ही दोघं ग्रॅव्हल सायकलींवर (खडीच्या वाटांसाठीच्या) त्रोंसेच्या जंगलाकडे निघालो होतो. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६७० मध्ये आरमाराच्या लाकडासाठी राखून ठेवलेलं हे ओकचं रान. आता त्या लाकडाची वाइनची पिंपं होतात. झाडं इतकी सरळ आणि उंच, की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं.

तिथेच खडीवर माझ्या मागच्या टायरची कड फाटली. नवी ट्यूब चिरेतून बाहेर डोकावायला लागली. लाकडं भरणाऱ्या एका आजोबांनी ट्रॅक्टर थांबवला, जुन्या टायरचा तुकडा कापून आतून बसवला. पैसे पुढे केले, तर त्यांनी माझीच मूठ मिटवली. आजोबा, त्या तुकड्यावर पुढचे दोन दिवस निघाले!

सोमवार होता, सेरिई गावात बेकरी बंद. अंगणातून हाक मारून बाटल्या भरून देणाऱ्या, वर घरचे प्लम हातावर ठेवणाऱ्या ताई, तुमचेही आभार. आणि वाटेवर पडलेल्या फांद्या कापून बाजूला रचणारे, ते कोण होते तेही आम्हाला कळलं नाही. तुम्हा सगळ्यांना मनापासून मेर्सी.