सोनूच्या व्हिसाबद्दल काकांना

माग्डेबुर्ग,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. काका व सौ. काकूंना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही सोनूच्या जर्मनीतल्या पुढच्या शिक्षणाबद्दल आणि व्हिसाबद्दल इतकं एकदम विचारलंत की निम्म्याचं उत्तर राहून गेलं. म्हणून आज सुट्टीचं बसून सविस्तर लिहिते. काकूंनाही वाचून दाखवा, म्हणजे त्यांच्या जिवाला घोर राहायचा नाही.

आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर. मुंबईच्या जर्मन वकिलातीत माझी कुणाशी ओळख नाही, आणि असती तरी तिचा उपयोग झाला नसता. ओळखीनं व्हायचं काम हे नव्हे. कागद पुरे आणि खरे असले की व्हिसा होतो, नसले की होत नाही. त्यामुळे तुम्ही गाठलेला तो परदेशी शिक्षणाचा सल्लागार ‘आपली आत सेटिंग आहे’ म्हणाला असेल, तर तिथंच त्याला नमस्कार करा. पॅकेजचे अडीच लाख अजून दिले नाहीत ना? देऊ नका.

त्याच्या धंद्याचं गणित असं आहे. इथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. सहा महिन्यांच्या सत्राला काही शे युरो वर्गणी असते, तीच. अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. पण सरकारी विद्यापीठ सल्लागाराला दमडी देत नाही. खासगी देतं. म्हणून त्याच्या यादीतली नावं बघाल तर सगळी खासगी निघतील, आणि त्यांची फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढेही सहज जाते. खासगी म्हणजे बोगसच, असं मी म्हणत नाही. राज्याची मान्यता असलेलीही आहेत. पण दहापैकी ८.२ सीजीपीएच्या मुलीनं तिकडे का जावं?

हो, ते ८.२ चं तुम्ही विचारलं होतंत. इथं गुणांची गंगा उलटी वाहते : १ म्हणजे सर्वांत चांगला, ४ म्हणजे काठावर पास. त्यांचं सूत्र आहे : दहातून आपले गुण वजा करायचे, दहातून पासचे गुण वजा करायचे, पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. सोनूच्या विद्यापीठात पासिंग ४ ला धरलं तर तिचे १.९ होतात. पुष्कळ कोर्स २.५ पर्यंत घेतात. तेव्हा पोरीला ‘मार्क कमी पडले’ म्हणणं आता बंद करा.

आता कामाचा क्रम. सगळ्यात आधी एपीएस. आपल्या मार्कलिस्ट आणि डिग्र्या खऱ्या आहेत का, हे तपासून दाखला देणारं दिल्लीतलं कार्यालय आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हा दाखला लागतोच, आणि बरीच विद्यापीठं अर्जाबरोबरच मागतात. फी १८,००० रुपये. प्रवेश मिळाल्यावर बघू म्हणून थांबायचं नाही, कारण दाखला हातात यायला वेळ लागतो आणि गर्दीच्या दिवसांत जास्तच लागतो. पुढल्या ऑक्टोबरला यायचं असेल तर अर्ज या महिन्यात जाऊ दे.

तो भरताना नावावर डोळ्यांत तेल घालून बसा. आपल्याकडे मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं वेगळं. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, स्वतःचं आणि तुमचं दुसऱ्या ओळीत. त्यात दहावीच्या मार्कलिस्टवर तुमच्या नावात एक ‘ए’, आणि डिग्रीवर दोन. आपल्याला हसू येतं, पण तिकडे कागद तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं भरायचं. विद्यापीठाच्या कागदावर चूक असेल तर कोल्हापूरला जाऊन आत्ताच दुरुस्त करून घ्या. जूनमध्ये तिथं रांगेत उभं राहायची वेळ नको. ट्रान्सक्रिप्टही (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाचा उतारा) त्याच खेपेला काढा, दोन-चार प्रती जास्तीच्या.

विद्यापीठं निवडायला डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर कोर्सची यादी आहे, फुकट. सोनूला संध्याकाळचं तिथं बसू दे. बरीच विद्यापीठं युनि-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत अर्ज घेतात : पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची मुदत साधारण १५ जुलैपर्यंत असते, पण ती विसरा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक कोर्स त्याच्या बरेच आधी बंद होतात, आणि १५ जुलैला अर्ज टाकणारा ऑक्टोबरात व्हिसाची वाट बघत घरीच बसतो.

आमच्या इथंही टाकू दे एक. इथल्या विद्यापीठाला ओटो फॉन गेरिके याचं नाव आहे. हा सतराव्या शतकात या गावाचा महापौर होता. त्यानं हवा उपसायचा पंप बनवला, तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले. तरी ते सुटेनात. काका, तुम्ही साखर कारखान्यात सगळी नोकरी व्हॅक्युम पॅनवर, हवा काढून रस आटवायच्या भांड्यावर, काढलीत, त्याचा मूळपुरुष हा. आणि गंमत म्हणजे आमच्याकडेही सध्या गळीत हंगाम चालू आहे! शहराबाहेर पडलं की काळीभोर जमीन, आणि रस्त्याकडेला शुगर बीटचे लांबच लांब ढीग, कारखान्याच्या ट्रकची वाट बघत पडलेले. ऊसतोड नाही, टोळ्या नाहीत; एक यंत्र येतं आणि रान मोकळं करून जातं. तुम्ही आलात की पहिल्यांदा तेच दाखवीन.

आता पैसे. इथं तुम्ही थोडे घाबरलात असं मला वाटलं, म्हणून नीट सांगते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हाच आकडा आहे. नोव्हेंबर २०२५ च्या भावानं सव्वाबारा लाखांच्या घरात जातात. पण ही फी नव्हे. पैसे सोनूच्याच नावावर राहतात आणि इथं आल्यावर महिन्याला ९९२ युरो तिच्या खात्यात पडतात. तिच्या वर्षभराच्या जेवणाखाण्याची सोय आहे, एवढंच सरकारला बघायचं असतं. व्हिसा नाकारला तर खातं बंद करून रक्कम परत येते, खातं चालवणाऱ्याचा आकार तेवढा जातो.

पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर बाहेर पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते; शिक्षणासाठी तो २०२५-२६ साली ५ टक्के आहे. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर हातचे पैसे अडकतात. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर एप्रिल २०२५ पासून तो लागतच नाही. म्हणून ग्रॅच्युइटी सगळी मोडण्यापेक्षा काही भाग कर्ज काढणं मला बरं वाटतं. खालच्या मळ्याला मात्र हात लावू नका. दुसरं, मधल्या बँका वाटेत आपापला आकार कापतात आणि पोचताना दहा-वीस युरो कमी भरतात. तेवढ्यासाठी खात्याचा दाखला अडतो. बँकेत आधीच सांगा की सगळा आकार आमच्याकडून घ्या, आणि वर थोडे जास्त टाका.

तुम्ही विचारलंत, ‘तू तिथं आहेसच, तर हमी दे ना.’ याचं उत्तर द्यायला मला जड जातंय, पण नाही, काका. अशी हमी इथं असते. ती दिली की ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही. पण आधी पगार तपासतात, आणि माझी नोकरी अजून प्रोबेशनवर आहे. शिवाय सोनूवर सरकारला काही खर्च करावा लागला तर पाच वर्षं तो माझ्याकडून वसूल होऊ शकतो. तुमच्यावर अविश्वास आहे असं कृपा करून मनात आणू नका. माझ्याच्यानं होईल ते सांगते : खोली मिळेपर्यंत ती माझ्याकडे राहील, आणि तिचं राहणं-जेवण माझ्याकडे.

व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर भरायचा असतो. नंतर व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आणि मूळ कागद दाखवायचे. फी ७५ युरो, रुपयांत घेतात. तिथला माणूस फक्त कागद घेतो, निर्णय त्याच्या हातात नसतो. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या म्हणून सोनूनं रडायचं कारण नाही. कागदांत प्रवेशाचं पत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, मार्कलिस्टा, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, विमा आणि एसओपी, म्हणजे हाच कोर्स का हवा ते सांगणारं पत्र. विम्यात एक खाच आहे. सुरुवातीच्या थोड्या दिवसांसाठी ट्रॅव्हल पॉलिसी ठीक, पण शिक्षणाच्या काळाचा विमा इथल्या सरकारी व्यवस्थेतलाच घ्यायचा. स्वस्त म्हणून कुणी खासगी गळ्यात मारला आणि तिनं सही केली, तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही.

सल्लागार म्हणाला ना, ‘रिजेक्ट झाला तर आपण अपील टाकू’? पूर्वी तसं होतं. व्हिसा नाकारल्यावर वकिलातीलाच फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता एक तर नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या कोर्टात दावा. बर्लिनला दावा लावायला आपण काय साखर कारखाना आहोत? त्यापेक्षा पहिलाच अर्ज असा द्यायचा की बोट ठेवायला जागा राहू नये.

आणि एसओपी सोनूनंच लिहायची. त्यानं पाठवलेला नमुना तिनं मला दाखवला. ‘लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची आवड आहे आणि जर्मनी ही अभियंत्यांची पंढरी आहे’ या थाटाचा मजकूर. नाव बदललं की कुणालाही चालेल. त्याच्याकडच्या सगळ्या पोरांचा तसाच जात असणार, आणि वाचणाऱ्याला ते कळत नसेल असं थोडंच आहे? तिच्याकडे सांगण्यासारखं खरं काही आहे. शेवटच्या वर्षाला ती गुऱ्हाळावर जाऊन बसायची, चुलाणाच्या धुराड्यातून किती उष्णता वाया जाते ते मोजायला. पहिल्या दिवशी गुळव्या तिला हसला होता, आणि नंतर तोच तिला चिपाड किती जळतं ते मोजून द्यायला लागला, हे तिनंच मला सांगितलंय. ते लिहायला सांगा : काय मोजलं, कुठं अडलं, आणि ते पुढं न्यायला या कोर्समधले कुठले विषय लागतात. दीड-दोन पानं पुरेत. इंग्रजी साधं असू दे, मी फक्त शुद्धलेखन बघीन.

९९२ युरोंत भागतं का? आमच्या गावात भागतं, म्युनिकमध्ये ओढाताण होते. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली तर उत्तम, पण रांग मोठी, म्हणून प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी तिकडे अर्ज टाकायचा. विम्याला महिन्याला दीडशेच्या आसपास जातात. काम करायला परवानगी आहे, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, आणि तासाचं किमान वेतन २०२५ साली १२.८२ युरो, जानेवारी २०२६ पासून १३.९०. पण कर्जाचा हप्ता ती पहिल्याच वर्षी इथून पाठवील, हे गणित मनातून काढून टाका. पहिलं सत्र अवघड जातं. परीक्षेच्या आधी गोदामात रात्रपाळी करणारी मुलं मी रोज बघते. विषय राहतात, आणि मग वर्ष लांबतं.

जर्मन भाषा मात्र आजपासून. कोर्स इंग्रजीत असला तरी पत्ता नोंदवायला, व्हिसाचं पुढं राहण्याच्या परवान्यात रूपांतर करायला, डॉक्टरकडे, सगळीकडे जर्मनच लागते, आणि नोकरीला तर लागतेच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. कराडहून रोज जाणं जमणार नाही, तर ऑनलाइन वर्ग बघा. येईपर्यंत दुसरी पायरी झाली तर बरं.

एक मागणं आहे. यापुढे व्हिसाचं काही विचारायचं असेल तर सोनूला स्वतः फोन करू दे. तुम्ही शेजारी बसा, हवं तर स्पीकरवर ऐका, पण प्रश्न तिनं विचारू दे. आणि या आठवड्यात दहावीपासूनच्या सगळ्या मार्कलिस्टा आणि पासपोर्टचं पहिलं व शेवटचं पान स्कॅन करून तिला मला मेल करायला सांगा. मोबाइलवर तिरपे काढलेले फोटो नकोत, स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून मिळतं. नावांचं मी एकदा डोळ्यांखालून घालते, मगच एपीएसचे पैसे भरा.

काकूंच्या गुडघ्याचं एमआरआय झालं का, ते कळवा. आजींना नमस्कार.

तुमची,
गौरी