रॉटरडॅमला उतरणाऱ्या आपल्या द्राक्षांविषयी

वाखेनिंगेन, नेदरलँड्स
फेब्रुवारीअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, "एवढ्या लांब जाऊन शिकतेस, त्यातले आपल्या बागेच्या कामी काय येणार?" त्या वेळी तुमच्यामागे काढणीच्या मजुरांची गडबड चालली होती, पॅकहाऊसची गाडी बांधावर येऊन थांबली होती, आणि मला धड उत्तर देता आले नाही. तुमचा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, हे मला कळते. म्हणून फोन न करता सविस्तर पत्र लिहीत आहे. आई ते नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचेल आणि तुम्ही ओट्यावर बसून ऐकाल, असे समजूनच लिहिते.

पंधरा दिवसांपूर्वी इथल्या कृषी विद्यापीठातल्या आमच्या वर्गाला रॉटरडॅमजवळच्या बारेंद्रेख्त येथे फळांच्या एका आयातदाराच्या गोदामात नेले होते. त्या भागात फळे आणि भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांची गोदामे एकाला एक लागून आहेत, आणि आत शिरताच अंगावर काटा यावा इतका गारठा असतो. एका बाजूला द्राक्षांच्या पेट्यांची चवड लावलेली होती. लेबलवर 'थॉम्पसन सीडलेस' आणि खाली 'इंडिया' असे छापलेले दिसले आणि माझे पाय तिथेच थांबले. तपासणी करणाऱ्या बाईंनी एक पेटी उघडली, वरचा, बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा कागद बाजूला केला, घड देठाला धरून उचलला आणि हलकेच झटकून किती मणी गळतात ते पाहिले. मग देठ दिव्याखाली धरला. देठ हिरवा आहे की तपकिरी पडला आहे, यावरून माल किती ताजा राहिला हे त्यांना कळते. शेवटी एक मणी चिरडून त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला आणि गोडीचे माप म्हणून सतरा ब्रिक्स असे वहीत लिहिले. हे सगळे होण्यास चार-पाच मिनिटे लागली असतील. बाबा, गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, चार महिने तुम्ही ज्या घडासाठी रात्री बॅटरी घेऊन डाऊनी रोग शोधत फिरता, त्याचा निकाल त्या चार मिनिटांत लागतो.

पेटीवर गावाचे नाव नव्हते, शेतकऱ्याचे तर नव्हतेच; होता तो बागेच्या नोंदणीचा क्रमांक. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली, तेव्हापासून युरोपला माल पाठवणाऱ्या प्रत्येक बागेची अशी नोंद होते आणि युरोपातल्या दुकानातली पेटी मागे मागे थेट प्लॉटपर्यंत शोधता येते. मी तो क्रमांक पाहून त्या बाईंना म्हणाले की, हा महाराष्ट्रातला माल आहे आणि माझे वडील हेच पीक घेतात. त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग त्यांना आमच्याकडून कधी काही कळवले जाते का?" मी नाही म्हणाले. आपल्याला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, मिळते; कपात झाली तर तिचा आकडा मिळतो. पण देठ कसा होता, मणीगळ किती होती, माल कोणत्या शहरात गेला, हे आजवर आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

युरोपला जाणाऱ्या भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा वाटा रॉटरडॅमच्याच बंदरात उतरतो आणि त्यातला पुष्कळ माल जर्मनीसह इतर देशांत पुढे पाठवला जातो. नेदरलँड्स हा देश आपल्या नाशिक जिल्ह्याच्या तिपटीहूनही लहान आहे, तरी शेतमालाच्या निर्यातीत मूल्याच्या हिशेबाने जगात अमेरिकेच्या खालोखाल त्याचे नाव घेतले जाते. त्या आकड्यात बाहेरून आणून पुढे पाठवलेला मालही मोजलेला असतो, म्हणजे आपल्या मांडवाखालचे काही घडही त्यात आहेत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. बंदर, शीतगृह, वेळेवर पोहोचणारे ट्रक आणि शब्द पाळणारे दलाल यांच्या बळावर हा देश इतरांच्या मालावरही कमावतो, आणि ते कौशल्य शिकण्यासारखे आहे.

२०१० ची ती गोष्ट तुम्ही विसरला नसाल. मी तेव्हा पाचवीत होते. वेलीची वाढ रोखायला आणि घडनिर्मिती चांगली व्हायला आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला सगळे 'सीसीसी' म्हणायचे, त्याचे अंश युरोपच्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत सापडले आणि कंटेनर बंदरातच अडकले. आपल्याकडून माल नेणाऱ्या निर्यातदाराने पट्टी तर दिलीच नाही, उलट तिकडच्या खर्चापोटी आपल्याकडेच पैसे मागितले. तुम्ही त्या वर्षी सोसायटीचे कर्ज नवे-जुने केलेत आणि आईने पाटल्या मोडल्या. मला कोणी काही सांगितले नव्हते, पण आईचे रिकामे हात मला दिसत होते.

इथे अन्नसुरक्षेच्या तासाला तेच प्रकरण उदाहरण म्हणून शिकवायला घेतले, तेव्हा मी दुसऱ्या टोकावरून ते पहिल्यांदा ऐकले. त्या रसायनाची टेबल द्राक्षांसाठीची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम एवढी सूक्ष्म होती, आणि निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत ते नव्हते. म्हणजे शेतकऱ्याने लबाडी केलेली नव्हती; त्याला नियम कोणी सांगितलाच नव्हता. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तपासणीची यादी वाढवली, कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे याचे तक्ते दर हंगामात बागायतदारांपर्यंत जाऊ लागले, आणि तुम्हीही फवारणीची वही तारीखवार लिहू लागलात. तासाला मी हे सगळे उभे राहून सांगितले. पण माझ्या मनात एक गोष्ट सलते आणि ती तुमच्यापाशी बोलायलाच हवी. युरोपला जाणाऱ्या प्लॉटला आपण जी काळजी घेतो, ती लोकल मार्केटच्या प्लॉटला तितकीशी घेत नाही. रॉटरडॅमच्या मुलांसाठी जे औषध आपण पन्नास दिवस आधी बंद करतो, ते मुंबईच्या मुलांसाठीही तेव्हाच बंद झाले पाहिजे. ही सुधारणा आपल्या घरापासून व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. काचघरे, यंत्रमानव, संगणकावर चालणारे ठिबक, हे इथे सगळे आहे आणि मी ते अभ्यासत आहे. पण कर्ज काढून ते आपल्या दीड एकरात उभारावे असे मला मुळीच वाटत नाही. बागेच्या कामी येईल असे मला जे सापडले ते वेगळेच आहे.

आल्समेरचा फुलांचा लिलाव पाहायला आम्ही पहाटे गेलो होतो. आपल्या पिंपळगावच्या बाजारात बोली खालून वर चढत जाते. इथे पडद्यावरचा काटा वरच्या भावापासून खाली उतरत येतो, आणि जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याला त्या भावाने माल मिळतो. क्षणभर उशीर केला तर माल दुसऱ्याचा होतो, म्हणून व्यापाऱ्यांना संगनमत करून भाव पाडणे अवघड जाते. ही पद्धत १८८७ मध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक नावाच्या खेड्यात भाजीच्या होड्यांवर सुरू झाली. आल्समेरचा तो अवाढव्य लिलाव आजही उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. फूल पिकवणाराच बाजाराचा मालक आहे, हे ऐकून मला आपल्या आळीतले पाच-सहा बागायतदार आठवले, ज्यांचा माल २०१८ मध्ये परप्रांतीय व्यापाऱ्याने उधारीवर नेला आणि तो व्यापारी पुन्हा दिसला नाही.

बाबा, सहकार हे काही फक्त त्यांचे नाही. इथल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्या पतपेढ्या काढल्या आणि ज्यांतून पुढे राबोबँक उभी राहिली, त्यांचा नमुना जर्मनीतल्या रायफायझन यांचा होता. मद्रास प्रांतातील अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी त्याच नमुन्याची शिफारस आपल्या अहवालात केली आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. म्हणजे आपल्या गावची सोसायटी आणि ही बँक एकाच वाणाच्या दोन वेली आहेत. एकीची निगा राखली गेली, दुसरीची छाटणीच वेळेवर झाली नाही.

पाण्याचेही तसेच आहे. इथे पाण्यासाठी वेगळी निवडणूक होते. 'वॉटरस्खाप' नावाची पाणीमंडळे तेराव्या शतकापासून आहेत. ती बांध राखतात, कर घेतात आणि लोक त्यांचे सभासद मतदानाने निवडतात. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली असल्यामुळे शेजाऱ्याशी भांडण असले तरी बांधावर एकत्र यावेच लागते. आमच्या प्राध्यापकांनी भारतातले उदाहरण विचारले, तेव्हा मी बागलाण आणि साक्रीकडच्या, शेतकऱ्यांनीच मिळून पाणी वाटून घेण्याच्या फड पद्धतीविषयी सांगितले, आणि मग आपल्या वाघाड धरणाविषयी. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी ओझरला कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना एकत्र केले, पाणीवापर संस्था काढल्या आणि पाणी मोजून घेण्याचा आग्रह धरला. कालवा असूनही ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचत नव्हते, त्यांच्या हाती पुढे सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन आले. आजोबा त्या बैठकींना जात असत, हेही मी सांगितले. तास संपल्यावर केनियाचा एक आणि इथला एक विद्यार्थी मला थांबवून तासभर विचारत राहिले. त्या दिवशी मला इथे शिकायला आल्यासारखे नव्हे, काही घेऊन आल्यासारखे वाटले.

आपला आणि या लोकांचा संबंध द्राक्षापुरता नाही आणि नवाही नाही. वेंगुर्ल्याला त्यांनी १६३७ मध्ये वखार घातली होती, तिची पडकी वास्तू आपण कोकणच्या सहलीत पाहिली होती; आई, तू तिथे तुळशीची रोपे शोधत होतीस. लायडनला १९२० च्या दशकात कर्न इन्स्टिट्यूट सुरू झाली, जिथे भारताच्या प्राचीन भाषांचा आणि शिलालेखांचा अभ्यास होत असे. अलीकडच्या काळात तळेगाव दाभाड्याला फुलशेतीचे प्रशिक्षण आणि बारामतीला भाजीपाल्याचे गुणवत्ता केंद्र या देशाच्या सहकार्याने उभे राहिले. आणि आपल्या शेजारी, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ मध्ये युरोपातल्या ज्या चार संस्थांनी मिळून ३१० कोटी रुपये गुंतवले, त्यांत एफएमओ ही इथली विकास बँक होती. बाबा, शेतकऱ्यांच्या कंपनीवर परदेशी बँक विश्वास ठेवते, याचे कारण त्यांच्या नोंदी चोख आहेत.

कांद्याविषयी एवढेच लिहिते की, झेलंड प्रांतातल्या एका कांदाउत्पादकाच्या घरी मी दोन दिवस राहिले. त्यांचा बहुतेक कांदा परदेशी जातो. जेवताना ते म्हणाले, "भारताने निर्यात बंद केली की आमचे फोन वाजू लागतात." डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या बंदीच्या काळात मामाचा कांदा चाळीत कसा सडला, ते मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. तुटलेले गिऱ्हाईक परत मिळवायला किती वर्षे लागतात, हे त्यांनाही ठाऊक होते. व्यापारात शब्दाचा भरवसा मालाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि आपला भरवसा आपल्या धोरणांनीच मोडला, याचे मला फार दुःख होते.

तर बाबा, मला जे आणायचे आहे ते असे आहे. वाघाडच्या कालव्यावर जसे शेतकरी एकत्र बसले, तसे आपल्या शिवारातल्या दहा-बारा बागायतदारांनी द्राक्षासाठी बसावे, एकच फवारणी वेळापत्रक पाळावे, एकत्र माल द्यावा आणि करारातच असे लिहून घ्यावे की रॉटरडॅमला झालेल्या तपासणीचा कागद आमच्यापर्यंत आला पाहिजे. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि माल दोनेक आठवडे जास्त पाण्यावर राहिला. अशा वेळी देठ टिकावा म्हणून बागेत काय बदलायचे, हे त्या कागदाशिवाय कसे कळणार? त्या गोदामातल्या बाईंनी असे कागद पाठवायची तयारी दाखवली आहे. निर्यातदाराची संमती मात्र आपल्याला मिळवावी लागेल, आणि ती एकट्याने मागून मिळणार नाही.

मी ऑगस्टमध्ये येते आहे, म्हणजे गोडी छाटणीच्या आधी. तोवर दोन कामे करा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पानांच्या देठांच्या परीक्षणाचे नमुने वेळेवर पाठवा, पोटॅश या वर्षी अंदाजाने टाकू नका. दुसरे, कपाटातल्या खालच्या खणात तुमची २००९-१० ची फवारणीची वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या पानांचे फोटो धाकट्याकडून काढून मला पाठवा. माझ्या प्रबंधाला ती हवी आहे, आणि ती कशासाठी हवी हे मी मार्गदर्शकांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिले पान कधी येणार असे विचारले.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? बेदाण्याचे रॅक लावताना शिडीवर चढू नकोस.

तुमची लाडकी,
ताई