मेनासे तेव्हा लंडनला होते हो!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला डच ज्यू तत्त्वज्ञ स्पिनोझावरचा लेख वाचला आणि चहा तसाच गार झाला. रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) मेनासे बेन इस्राएल यांनी स्पिनोझाला वाळीत टाकलं म्हणे, तेही चौकटीत ठळक टाइपात! अहो, तो बहिष्कार 27 जुलै 1656 चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. आणि मेनासे आदल्या सप्टेंबरपासून लंडनला मुक्काम ठोकून, इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल, त्याला सांगत बसलेले की 1290 मध्ये इथून हाकललेल्या ज्यूंना आता परत येऊ द्या. टाकणार कसे वाळीत, पोस्टानं?

उलट खुद्द मेनासेच 1640 मध्ये एका दिवसापुरते वाळीत पडले होते, ते तुमच्या लेखकाच्या गावीही नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, त्यांच्या मेव्हण्याचं नाव नुसतंच घेतलं, पुढे 'सेन्योर' (आपलं 'श्रीयुत') लावलं नाही, म्हणून हे उठून भांडले.

हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसत सुटलो होतो, कारण आमच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो तेव्हा एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या काकांचा 'श्री.' राहिला माझ्या हातून. काका स्वतः पत्रिका घेऊन आले, काउंटरवर आपटली, म्हणे मी काय मेलोय का? दोनशे पत्रिका पुन्हा छापल्या, कागदाचे पैसे माझ्या पगारातून गेले आणि मालक वर म्हणाले, प्रूफ कोण वाचणार, तुझा बाप? तेव्हा एका 'श्री.'साठी माणूस काय करू शकतो ते मला विचारा.

आणि मेनासे आमच्याच धंद्यातले की. अ‍ॅमस्टरडॅममधला पहिला हिब्रू छापखाना त्यांचा, 1626 मध्ये काढला, हिब्रू खिळे मुद्दाम नवे पाडून घेतले आणि आधी काय छापलं तर प्रार्थनेचं पुस्तक. रब्बीच्या पगारात घर चालत नव्हतं, दुसरं काय. अख्ख्या लेखात छापखाना हा शब्द नाही, छापील पेपरात!

पुढे क्रॉमवेलनं वर्षाला 100 पौंड पेन्शन मंजूर केली, हातात आली नाहीच (पेन्शनचं आम्हाला नवीन नाही, असो). मग 1657 मध्ये मुलगा सॅम्युएल लंडनलाच वारला, त्याचं प्रेत घेऊन हा माणूस समुद्र ओलांडून हॉलंडला आला आणि त्याच नोव्हेंबरात मिडेलबर्गला स्वतःच संपला. अशा माणसावर न केलेल्या गोष्टीचं खापर फोडता, ते पण चौकटीत.

दुरुस्ती छापावी, आणि कृपा करून चौकटीतच, आतल्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या टाइपात नको. आणि हो, शनिवारच्या कोड्यात 14 आडवा नि 9 उभा जुळतच नाहीत, सलग दुसऱ्या आठवड्यात. प्रूफं वाचतं का कोणी?

आपला,
एक जुना कंपोझिटर, पुणे